दिंडी दरवाजातून आत: घरून विभागाच्या नेटवर्कला व्हीपीएनने कसं जोडायचं

रात्री साडेनऊला फोन येतो. "सर, व्हीपीएन चालत नाहीये." मी विचारतो, "कनेक्टच होत नाही, की कनेक्ट होऊन सर्व्हर दिसत नाही?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर: "म्हणजे... चालतच नाही, सर." पुण्यातल्या एका विज्ञान विभागाचे संगणक सांभाळताना हा संवाद माझा इतक्यांदा झालाय की एकदाचं सगळं लिहूनच काढावं म्हटलं. परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर १९९१ साली याच शहरात बनला. त्याच शहरात आजही एखादी विद्यार्थिनी वारज्याहून दोन बस बदलत, विद्यापीठ चौकाच्या गर्दीतून वाट काढत गणेशखिंडीकडे येते, आणि कशासाठी, तर रात्री बंद पडलेला एक प्रोग्रॅम पुन्हा चालू करायला. हे काम घरून दोन मिनिटांचं आहे.

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून विभागाच्या नेटवर्कपर्यंत नेणारा एक खासगी, सुरक्षित बोगदा. तो समजवायला मला जुन्या वाड्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी सापडलेली नाही. वाड्याचा थोरला दरवाजा कायम बंद, रोजच्या ये-जा करण्यासाठी त्यातच एक छोटी दिंडी. दिंडीवरचा माणूस तोंडओळख पाहून आत सोडतो. पण आत आलात म्हणजे तुम्ही चौकात आलात, कुणाच्या खोलीत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला आपापलं कुलूप असतंच. व्हीपीएन फक्त दिंडी उघडतं. सर्व्हर, तुमचा लॅबमधला डेस्कटॉप, सगळ्यांचं मिळून असलेलं फोल्डर या आतल्या खोल्या, आणि त्यांच्या किल्ल्या वेगळ्या. अडचण दिंडीपर्यंतच्या रस्त्यात आहे, दिंडीवर आहे की खोलीच्या कुलपात, एवढं ओळखता आलं की रात्री साडेनऊचे निम्मे फोन वाचतात. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलंय. एक सूचना आताच देतो: लेखात कमांड आणि पत्ते देवनागरीत आहेत, टाइप करताना मात्र रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे.

व्हीपीएन हवंय कशाला?

मला येणाऱ्या विनंत्यांपैकी बऱ्याच जणांना व्हीपीएन लागतच नाही. विद्यापीठाचा ईमेल कुठूनही उघडतो. शोधनिबंध वाचायचे असतील तर आधी ग्रंथालयात चौकशी करा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची 'इन्फेड' नावाची सोय आहे. संस्था त्यात सामील असली, की प्रकाशकाच्या साइटवर आपल्या संस्थेचं नाव निवडून संस्थेच्याच लॉगिनने घरून लेख उघडतात. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं त्यात आहेत, आणि तिचा कारभारही इन्फ्लिबनेटच पाहतं. नुसत्या वाचनासाठी हा रस्ता जवळचा.

व्हीपीएन लागतं ते आतल्या वस्तूंना हात लावायचा असेल तेव्हा. गणनेचा सर्व्हर, विभागाच्या लायसन्स सर्व्हरकडून परवानगी मिळाल्याशिवाय न उघडणारी सॉफ्टवेअर, यंत्राला जोडलेल्या संगणकावरचा डेटा, फक्त आतूनच दिसणारी वेबसाइट. यातलं काही हवं असेल तरच पुढे वाचा.

अजून एक गोंधळ दूर करून टाकतो. ॲप स्टोअरवर 'फ्री व्हीपीएन' शोधून पहिलं दिसेल ते टाकणारे दर वर्षी भेटतात. ती वेगळी चीज आहे. ती तुम्हाला सिंगापूरच्या किंवा ॲमस्टरडॅमच्या कुठल्या तरी सर्व्हरवरून इंटरनेटवर सोडते. आपल्या विभागाच्या दिंडीशी तिचा काहीही संबंध नाही. उलट ती चालू असताना विभागाचं व्हीपीएन जोडायला गेलात तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. आधी ती काढून टाका.

विभागातून निघण्यापूर्वी

हा टप्पा सगळे गाळतात आणि नंतर तोच सगळ्यात महाग पडतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्याकडची मंडळी चार दिवसांत परत येऊ या हिशोबाने घरी गेली. व्हीपीएन होतं, खाती होती, सगळं होतं. पण अर्धे डेस्कटॉप अर्ध्या तासाने झोपी गेले आणि झोपलेल्या संगणकाचं दार कितीही वाजवा, तो उठत नाही. वॉचमनला फोन करकरून एकेक मशीन चालू करून घेतलं. कोणत्या खोलीतलं, कोणत्या टेबलावरचं, हे त्याला फोनवर समजावणं हा एक वेगळाच अध्याय.

म्हणून: ज्या डेस्कटॉपवर घरून काम करायचंय त्याच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' कायमची बंद करा. मॉनिटर खुशाल बंद होऊ दे. मग संगणक रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा अशाच नावाचा पर्याय 'ऑन' करा. म्हणजे वीज जाऊन आली की संगणक आपोआप उठेल. पुण्यात हे विसरून चालणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारी निघतात. सकाळी वीज गेली, यूपीएसने अर्धा तास तग धरला आणि नंतर सगळं शांत, असे कितीतरी गुरुवार मी पाहिलेत. त्या दिवशी सर्व्हर दिसला नाही तर व्हीपीएनला दोष देण्याआधी विभागात कुणाला तरी फोन करून "लाइट आहेत का?" एवढं विचारा.

विंडोज असेल तर तिची आवृत्ती पाहून घ्या. 'होम' आवृत्तीच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून येता येत नाही, त्यासाठी 'प्रो' किंवा त्यावरची आवृत्ती लागते. प्रो असेल तर सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू करा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' लिहा आणि समोर येणारा आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्या संगणकाचा घरनंबर, वहीत उतरवा. लिनक्सवर 'आयपी ए' लिहिलं की तेच दिसतं. हा पत्ता रोज बदलणारा आहे की कायमचा, हेही सिस्टिमवाल्यांना विचारा. बदलणारा असेल तर तो कायम करून मागा. नाहीतर पंधरा दिवसांनी तुम्ही भलत्याच्याच संगणकाचं दार ठोठावत बसाल.

शेवटची आणि माझी आवडती युक्ती. विभागात असतानाच लॅपटॉपचं कॅम्पसचं वायफाय बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा आणि त्यावरून व्हीपीएन जोडून पाहा. आता तुमचा लॅपटॉप नेटवर्कच्या दृष्टीने 'बाहेर' आहे, पण तुम्ही आणि मदत करणारा माणूस आत आहात. जे बिघडायचं ते तिथेच बिघडू द्या. कॅम्पसच्या वायफायवरून चाचणी घेऊ नका. घरातच उभं राहून घराची बेल वाजवल्यासारखं होतं ते, अनेक ठिकाणी आतून व्हीपीएन जोडूच देत नाहीत.

काय काय मागून घ्यायचं

खातं मिळवण्यासाठी बहुधा एक फॉर्म असतो, त्यावर गाईडची आणि विभागप्रमुखांची सही लागते. सही मिळायला दिवस लागतात, सेटअपला वीस मिनिटं. तेव्हा फॉर्म आधी. खातं मिळालं की या गोष्टी कागदावर किंवा ईमेलमध्ये लेखी घ्या: व्हीपीएन सर्व्हरचं नाव, त्याचा प्रकार, युजरनेम, पासवर्ड, त्यासोबत फाइल किंवा सामायिक गुप्त शब्द असेल तर तो, आतल्या नेटवर्कचे पत्ते कोणत्या मालिकेतले आहेत ते, आणि आतला डीएनएस सर्व्हर, म्हणजे संगणकाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारा. शेवटच्या दोन गोष्टी सहसा कुणी देत नाही, कारण कुणी मागतच नाही. आज घेऊन ठेवा, पुढे पत्त्यांच्या भांडणात त्याच कामाला येतील.

प्रकार विचारताना उत्तर 'पीपीटीपी' असं आलं तर भुवया उंचावा. हा १९९० च्या दशकातला प्रकार. त्याची पासवर्ड तपासण्याची पद्धत फोडून दाखवली गेली त्यालाही २०१२ पासून मोठा काळ लोटला. ॲपलने २०१६ मध्ये मॅकमधून तो काढूनच टाकला. विभागात अजून तोच असेल तर नम्रपणे एक ईमेल लिहा. तुमच्या मॅकवर तो चालत नाही हे कारण पुरेसं आहे, सुरक्षिततेचं व्याख्यान देण्याची गरज पडत नाही.

दिंडी उघडणं

बऱ्याच विभागांत ओपनव्हीपीएन असतं. मोफत आहे, जुनं आहे, विश्वासाचं आहे. तुम्हाला एक फाइल मिळते, नावाच्या शेवटी टिंब आणि 'ओव्हीपीएन' असलेली. त्या फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि प्रमाणपत्रं असतात. विंडोजवर ओपनव्हीपीएनच्या अधिकृत साइटवरून प्रोग्रॅम उतरवा. बसवताना तो आभासी नेटवर्क कार्ड टाकतो, त्यामुळे ॲडमिनचा पासवर्ड मागेल. संस्थेने दिलेल्या लॅपटॉपवर तो अधिकार तुमच्याकडे नसेल तर तिथेच गाडी अडते, तेव्हा हेही आधीच बघा. बसवून झालं की घड्याळाशेजारी कुलूप असलेला छोटा संगणक दिसतो. त्यावर उजवं क्लिक, 'इम्पोर्ट', मग फाइल निवडा. पुन्हा उजवं क्लिक, 'कनेक्ट', युजरनेम, पासवर्ड. एक खिडकी उघडून भराभर ओळी पळतात. त्या ओळींना घाबरू नका, फक्त शेवटची ओळ पाहा. 'इनिशियलायझेशन सीक्वेन्स कम्प्लीटेड' असं आलं आणि चिन्ह हिरवं झालं की दिंडी उघडली.

उघडली नाही तर त्याच खिडकीत कारण असतं. 'ऑथ फेल्ड' म्हणजे तुम्ही दिंडीपर्यंत पोचलात पण माणसाने ओळखलं नाही. पासवर्ड चुकला किंवा खात्याची मुदत संपली. 'टीएलएस की निगोशिएशन फेल्ड... ६० सेकंद' असं काहीसं दिसलं तर तुम्ही दिंडीपर्यंत पोचलाच नाहीत: सर्व्हर बंद आहे, पत्ता चुकलाय, किंवा मधलं कुणी वाट अडवतंय. या दोन ओळींतला फरक फोनवर सांगितलात तर समोरचा माणूस तुम्हाला दुवा देईल.

मॅकवर हीच फाइल 'टनेलब्लिक' नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडते, बाकी क्रम तोच. उबुंटूसारख्या लिनक्सवर आधी 'नेटवर्क-मॅनेजर-ओपनव्हीपीएन-जीनोम' हे पॅकेज बसवा, मग सेटिंग्जच्या नेटवर्क भागात व्हीपीएनपुढच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून 'इम्पोर्ट फ्रॉम फाइल'.

दुसरा प्रकार विंडोजमध्येच असलेला, म्हणजे एल२टीपी किंवा आयकेईव्ही२. सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'व्हीपीएन', 'ॲड व्हीपीएन'. वरच्या रकान्यात 'विंडोज बिल्ट-इन', मग स्वतःला ओळखू येईल असं नाव, सर्व्हरचा पत्ता, आणि प्रकारात 'एल२टीपी/आयपीसेक विथ प्री-शेअर्ड की'. ती की म्हणजे वर सांगितलेला सामायिक गुप्त शब्द, तुमचा पासवर्ड नव्हे. हे दोन्ही उलटसुलट टाकणारे पुष्कळ. इथे खिडकी नसते, त्रुटीचा आकडा येतो. ६९१ म्हणजे युजरनेम-पासवर्ड. ७८९ म्हणजे बहुधा तो गुप्त शब्द चुकलाय. ८६८ म्हणजे सर्व्हरचं नावच सापडलं नाही, स्पेलिंग पाहा. ८०९ आला तर मधला राउटर किंवा फायरवॉल (नेटवर्कवरचा पहारेकरी) अडवतोय. एल२टीपीला यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरची त्या आकड्यांची दारं, मोकळे लागतात. हॉटस्पॉटवरून जोडून पाहिलं की दोष घरच्या राउटरचा की पलीकडचा, ते लगेच कळतं.

तिसरा प्रकार फायरवॉल विकणाऱ्या कंपन्यांचा: सिस्कोचं सिक्युअर क्लायंट, ज्याला लोक अजून ॲनीकनेक्टच म्हणतात, किंवा फोर्टिक्लायंट वगैरे. यात पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, झालं. सोबत मोबाइलवरच्या ॲपचा सहा आकडी कोड मागत असतील तर फोनची वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. तो कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि घड्याळावरून काढलेला असतो. घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं की योग्य कोडही चुकीचा ठरतो. लॅपटॉपच्या घड्याळाचीही तीच गत. एका प्राध्यापकांच्या जुन्या लॅपटॉपचा आतला सेल संपला होता, तो दर वेळी २००९ सालात जागा व्हायचा. २००९ च्या दृष्टीने सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं, मग त्यावर विश्वास कोण ठेवणार? पन्नास-शंभर रुपयांचा सेल बदलला आणि दीड महिन्याचं दुखणं गेलं.

वायरगार्ड हा नवा प्रकार, मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, सामील झाला. वेगवान आणि सोपा. फाइल टाका, बटण सरकवा. पण एक फसवी गोष्ट आहे. सर्व्हर मेलेला असला तरी वायरगार्ड 'ॲक्टिव्ह' असंच दाखवतं. खरं पाहायचं ते 'लेटेस्ट हँडशेक', म्हणजे सर्व्हरशी शेवटची ओळखदेख कधी झाली ते. तिथे काही सेकंदांपूर्वीची किंवा एक-दोन मिनिटांपूर्वीची वेळ दिसली तरच जोडणी झाली म्हणायची. आणि एकच फाइल लॅपटॉप आणि फोन दोन्हींवर एकाच वेळी चालवू नका, दोघंही आलटून-पालटून तुटतात. दुसऱ्या उपकरणासाठी दुसरी फाइल मागा.

जोडलं, पण सर्व्हर दिसत नाही

खरी गंमत इथे सुरू होते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आधी आतल्या सर्व्हरला नावाने नव्हे, पत्त्याने हाक मारून पाहा: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग', मध्ये जागा, मग पत्ता. पत्त्याने उत्तर येतं पण नावाने येत नाही, तर दोष डीएनएसचा. तुमचा लॅपटॉप विभागातल्या सर्व्हरचं नाव घरच्या इंटरनेटवाल्याला विचारतोय, आणि त्याला आतलं काय माहीत? आतला डीएनएस व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये टाका, किंवा सरळ पत्ताच वापरा. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून मात्र लगेच हताश होऊ नका. विंडोज संगणक मुळातच पिंगला उत्तर देत नाहीत आणि काही विभाग ते मुद्दाम बंद ठेवतात.

पत्त्यानेही काहीच नाही? मग स्वतःच्या घरचा पत्ता पाहा. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवलाय. घरगुती आणि खासगी नेटवर्कसाठी पत्त्यांच्या तीन मालिका १९९६ पासून राखून ठेवलेल्या आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. जगातल्या सगळ्या घरांनी आणि कचेऱ्यांनी त्याच वापरायच्या. बहुतेक घरगुती राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ या मालिका घेऊन येतात, आणि आळसाने कित्येक विभागांतही त्याच असतात.

आता पेठांमधल्या पोस्टमनचा विचार करा. शनिवार पेठेतही बारा नंबर आहे, सदाशिव पेठेतही आहे. पाकिटावर पेठ न लिहिता नुसतं 'बारा नंबर' लिहिलं तर तो पाकीट जवळच्या बारा नंबरात टाकणार. तुमच्या लॅपटॉपला १९२.१६८.१.२० हा पत्ता दिला की तो म्हणतो, हा तर माझ्याच घरातला, आणि पाकीट व्हीपीएनच्या बोगद्यात घालतच नाही. ते तुमच्या घरातच विसावा नंबर शोधत फिरतं. तिथे एखाद वेळी भावाचा टीव्ही असतो. वारज्याच्या ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख वर केला, तिचं तीन आठवडे नेमकं हेच चाललं होतं. जोडणी हिरवी, सर्व्हर गायब. शेजारच्यांच्या जिओफायबरवरून मात्र चालायचं, म्हणून तिला वाटायचं आपलाच लॅपटॉप बिघडलाय. जिओफायबरचे राउटर १९२.१६८.२९ ही मालिका वापरतात, त्यामुळे तिथे भांडण नव्हतं, इतकंच.

उपाय घरी करायचा, कारण विभाग तुमच्यासाठी आपली मालिका बदलणार नाही. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून आत शिरा (तो आणि त्याचा पासवर्ड बहुधा राउटरच्या पोटावर छापलेला असतो), 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' अशा नावाचं पान शोधा आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी, समजा, १९२.१६८.७३.१ करा. शेवटून दुसरा आकडा सहसा कुणी निवडणार नाही असा घ्या. राउटर पुन्हा चालू होईल, घरातला टीव्ही आणि फोन क्षणभर तुटतील, मग सगळं जागेवर येईल. मॅच चालू असताना हे करू नका, हे अनुभवाने सांगतो. इंटरनेटवाल्याने राउटरला हात लावू दिला नाही तर तात्पुरता मोबाइल हॉटस्पॉट वापरा, त्याची मालिका वेगळी असते.

खोलीचं कुलूप

दिंडी उघडली, पत्ता सापडला. आता लिनक्स सर्व्हर असेल तर टर्मिनलमध्ये 'एसएसएच' (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायची कमांड), जागा, सर्व्हरवरचं युजरनेम, ॲटचं चिन्ह आणि पत्ता. हे युजरनेम आणि पासवर्ड व्हीपीएनचे नव्हेत, सर्व्हरचे. पहिल्यांदा जाताना तो ठशाची एक लांब ओळ दाखवून 'यस' की 'नो' विचारतो. पहिल्या वेळी ठीक. पण त्याच सर्व्हरने महिन्याभराने ओळख बदलल्याची मोठी धोक्याची सूचना दाखवली तर गपचूप पुढे जाऊ नका. सर्व्हर नवा बसवलाय का, ते आधी विचारा.

आत गेल्यावर सर्वांत पहिली सवय: 'टीमक्स' (टी-एम-यू-एक्स) लिहा. मग जे काम करायचं ते त्याच्या आत. नेट तुटलं, लॅपटॉपची बॅटरी संपली, आईने मेन स्विच बंद केला, तरी काम सर्व्हरवर चालू राहतं. पुन्हा आलात की 'टीमक्स अटॅच' लिहून तिथूनच पुढे. माझ्या मते रिमोट काम करणाऱ्याने एकच गोष्ट शिकायची असेल तर ही. मोठ्या क्लस्टरवर स्लर्मसारखी रांग असते, तिथे काम रांगेत दिलं की तुमच्या जोडणीशी त्याचा संबंध उरतच नाही. रांग चुकवून लॉगिनच्या मशीनवरच जड प्रोग्रॅम चालवणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम लिहून चालवायची वही) हवं असेल तर ते सर्व्हरवर चालू करा आणि एसएसएचला 'एल' हा पर्याय देऊन सर्व्हरचा ८८८८ पोर्ट आपल्या लॅपटॉपच्या ८८८८ वर आणा. मग घरच्या ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:८८८८' लिहून तेच नोटबुक उघडतं. सर्व्हरवरचं ग्राफिक्सचं अख्खं सॉफ्टवेअर एसएसएचमधून ओढून आणण्यापेक्षा हे कितीतरी सुसह्य.

विंडोज डेस्कटॉपसाठी घरच्या लॅपटॉपवर 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' उघडा, पत्ता टाका. सामायिक फोल्डरसाठी फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, पत्ता, पुन्हा एक उलटी रेघ आणि फोल्डरचं नाव. त्यातली मोठी फाइल मात्र तिथल्या तिथे उघडू नका. आधी स्वतःकडे उतरवा, काम करा, परत चढवा. डेटा काही जीबीचा असेल तर लिनक्सवर फाइली पाठवणारी 'आरसिंक' ही कमांड वापरा. मध्येच तुटलं तर पुन्हा चालवल्यावर पोचलेल्या फाइली सोडून पुढच्याच पाठवते, आणि 'पार्शल' हा पर्याय दिलेला असला तर अर्धवट आलेली फाइलही ती टाकून देत नाही.

सगळं तिकडून, की गरजेपुरतं?

व्हीपीएन जोडल्यावर यूट्यूब रडायला लागलं, ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला, तर तुमचं सगळं इंटरनेट विभागातून फिरून येतंय. विंडोजचं स्वतःचं व्हीपीएन मुळात असंच वागतं. त्याच्या जोडणीच्या गुणधर्मांत आयपीव्ही४, मग 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'यूज डिफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क' ही खूण काढली की फक्त आतल्या पत्त्यांचं सामान बोगद्यातून जातं. मॅकवर एल२टीपीच्या सेटिंगमधला 'सेंड ऑल ट्रॅफिक' बंद करा, लिनक्सवर 'यूज धिस कनेक्शन ओन्ली फॉर रिसोर्सेस ऑन इट्स नेटवर्क'वर खूण करा. यानंतर एखादा आतला सर्व्हर दिसेनासा झाला तर त्याच्या मालिकेची वाट हाताने सांगावी लागते, आणि तिथे ती लिहून घेतलेली मालिका कामाला येते. काही विभाग नियमानेच सगळं आपल्याकडून नेतात. त्यांचा तो हक्क आहे, वाद घालू नका, मीटिंगपुरतं व्हीपीएन तोडा.

एक चमत्कारिक दुखणं राहिलं. एसएसएच होतं, छोट्या कमांड चालतात, पण फाइलींची लांब यादी मागितली की पडदा गोठतो. वेबसाइटचं शीर्षक येतं, पान येत नाही. हे पाकिटाच्या मापाचं दुखणं. इथरनेटवर एक पाकीट १५०० बाइटपर्यंत चालतं. व्हीपीएन त्याला आपलं वेष्टन घालतं, मग फुगलेलं पाकीट मध्ये कुठेतरी अडकतं आणि कुणी सांगतही नाही. वायरगार्डच्या फाइलमध्ये एमटीयू (पाकिटाचं कमाल माप) १२८० करून पाहा, ओपनव्हीपीएनच्या फाइलमध्ये 'एमएसएसफिक्स १३००' ही ओळ टाका. मोबाइल इंटरनेटवर हे जास्त भेटतं. आणि हॉटेलच्या किंवा लग्नाच्या हॉलच्या वायफायवरून काहीच जुळत नसेल, तर विभागाने टीसीपी ४४३ वरून येण्याची सोय ठेवलीय का ते विचारा. तो पोर्ट वेबसाइटींचा असल्यामुळे सहसा कुणी अडवत नाही.

खातं तुमच्या नावाचं आहे

व्हीपीएनची फाइल लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. "ज्युनियरला दोन दिवसांपुरतं माझं लॉगिन दिलं" हेही नको. कोण कधी आलं-गेलं याची नोंद सर्व्हरवर राहते आणि तिथे तुमचं नाव असतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे संस्थांना अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्याच लागतात. ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपण्याचा जो नियम तेव्हा गाजला, तो व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहे, संस्थेच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही. घरचा लॅपटॉप भाचेमंडळी गेमसाठी वापरत असतील तर स्वतःसाठी वेगळं खातं करा आणि व्हीपीएनचा पासवर्ड 'सेव्ह' करू नका. व्हीपीएन जोडलेलं असताना टोरेंट चालू राहिला तर तक्रार विभागाच्या नावाने येते, आणि मग विभागप्रमुख मला बोलावतात. लॅपटॉप चोरीला गेला तर पोलिसांच्या आधी सिस्टिमवाल्यांना कळवा. खातं बंद करायला आम्हाला एक मिनिट लागतो.

काम संपलं की तोडा. जोडलेलं ठेवून झोपी जाणाऱ्यांमुळे कधी कधी जागा भरतात आणि दुसऱ्याला आत घेता येत नाही.

खात्याची मुदत फॉर्मवरच लिहिलेली असते, बहुधा नोंदणीच्या वर्षाइतकी. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये पंधरा दिवस आधी टाकून ठेवा. प्रबंध सादर केला, तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटून झाले आणि मग आठवलं की तीन वर्षांचा डेटा अजून सर्व्हरवर आहे, असे फोन दर जून-जुलैत येतात. तोवर खातं बंद झालेलं असतं आणि पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा त्याच दोन सह्या.